भरल्या गाडीचा आवाज

भाऊ, तो आवाज पहिल्यांदा आला तेव्हा जीपमध्ये तुम्ही धरून चौदा माणसं होती, आणि त्यावर बोललं कुणीच नाही.

दुधिवऱ्याच्या खिंडीचं दुसरं वळण होतं. तुम्ही गिअर खाली घेतला, रेस दिली, आणि माझ्या पायाखालून, पत्र्याच्या पलीकडून 'टक्' असं काहीतरी झालं. फार मोठं नाही. वाळलेली काटकी कुणी गुडघ्यावर मोडावी तेवढंच. मी तुमच्याकडे बघितलं. तुमची नजर रस्त्यावरच होती, पण रेसवरचा पाय जरासा वर आला आणि पुन्हा खाली गेला. पुन्हा 'टक्'. मागच्या बाकांवर कुणाच्या तरी सोयरिकीचं बोलणं चाललं होतं, ते थांबलं आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू झालं. माथ्यावर पोचल्यावर आवाज गेला. उतारावर तर जीप इतकी शांत होती की आवाज आला होता हेच खोटं वाटावं.

काकू परवा म्हणाल्या, "तू शिकल्याली हायेस. तेराव्याला ह्यांच्यावर चार वळी लिहून दे, कुनीतरी वाचंल." मी वही घेऊन बसले. तुम्ही किती वर्षं पवनानगर-लोणावळा जीप चालवली, कुणाकुणाला वेळेत दवाखान्यात पोचवलं, हे सगळ्यांना माहीत आहे आणि दुसरं कुणीही ते माझ्यापेक्षा बरं लिहील. मला जे लिहायचं आहे ते चारचौघांत वाचण्यासारखं आहे की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून आधी तुमच्याशीच बोलते. तुम्ही नेहमी म्हणायचात, "कालेजबाई, जरा मोठ्यानं बोल, इंजिन चालू हाय." प्रयत्न करते.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बारावी झाल्यावर अण्णांनी सरळ सांगितलं होतं, लोणावळा लांब आहे, सकाळची एसटी कधी येते कधी येत नाही, पोरीची जात कुठं ताटकळत बसणार. तुम्ही तेव्हा आमच्या ओट्यावर चहा पीत होतात. बशी खाली ठेवून म्हणालात, "माज्या गाडीत पुढं बसंल. सोडीन नि आनीन. त्यात काय एवडं?" अण्णांनी तुमची बशी पुन्हा भरली. मग म्हणाले, "गेनूच्या गाडीत जाती म्हनून धाडतो. न्हाईतर न्हाई."

ते वाक्य मला पुढे अडीच वर्षं पुरलं. तुमच्या डाव्या हाताची सीट माझी झाली. कुणी पाहुणा तिथं बसायला लागला तर तुम्ही न बघताच म्हणायचात, "ती जागा धरलीया." पण त्याच वाक्याची मला भीतीही होती. तुमची गाडी थांबली तर माझं कॉलेज थांबणार, इतकं सोपं गणित होतं ते. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं.

दसऱ्यानंतर आवाज रोजचा झाला. रोज म्हणजे जाताना, खिंड चढताना, गाडी भरलेली असताना. लोक आता त्यावर बोलायलाही लागले, पण गमतीनं. शेवंतामावशी, लोणावळ्यातल्या एका बंगल्याच्या राखणीला जाणाऱ्या, त्या मागून म्हणायच्या, "गेनूभाऊ, तुजं गुडगं वाजत्यात का गाडीचं?"

"दोघांचं बी," तुम्ही म्हणायचात. "तुमी मागं बसल्यावर जास्त वाजत्यात."

"आता माज्या वजनावर आला. बरं, उतरती बाई."

आणि बऱ्याचदा त्या खरंच उतरायच्या. त्यांच्यामागून बाकीचेही. ही आपल्याकडची जुनी रीत. गाडी जुनी, चढ उभा, म्हणून खिंडीच्या पायथ्याला माणसं आपणहून उतरतात, पायवाटेनं वर येतात, आणि माथ्यावर परत बसतात. कुणाला सांगावं लागत नाही. बैल थकला की गाडीवरून उतरावं, तसंच. तुम्ही पहिल्या गिअरमध्ये रिकामी जीप वर आणायचात, आणि आवाज यायचा नाही. माणसं माथ्यावर दमून, हसत चढायची. "बघा, आता वाजती का?" कुणीतरी म्हणायचं. आपण सगळ्यांनी मिळून त्या आवाजाला असं लपवून ठेवलं, भाऊ. तुमच्यावरच्या मायेनं.

तुम्ही हयगय केली नाहीत, हे मी कुणापुढेही सांगेन. तीन वेळा शंकरमिस्त्रीकडे गाडी नेलीत. पहिल्यांदा त्यांनी सायलेन्सरची पट्टी आवळली. दुसऱ्यांदा इंजिनाखालचं रबर बदललं. तिसऱ्यांदा ते खाली झोपून शाफ्ट हातानं गदागदा हलवत होते. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा तो लांब लोखंडी दांडा. त्या दिवशी कॉलेजला सुट्टी होती आणि मी तुमच्यासोबत गॅरेजवर आले होते. मिस्त्री खालूनच म्हणाले, "हाताला कायबी लागत न्हाई. सांधं घट हायेत."

मग त्यांनी ट्रायल घेतली. धरणाच्या कडेच्या सपाट रस्त्यानं, एकटे, रिकाम्या गाडीत. परत आले आणि हात पुसत म्हणाले, "लोन्यावानी पळती. भाऊ, कान धुवून घ्या."

"माजं धुवंन," तुम्ही म्हणालात. "पन ह्या पोरीला बी ऐकू येतंय. तिचं कान तर नवं हायेत."

मिस्त्री माझ्याकडे बघून हसले. मला काहीतरी सांगायचं होतं, पण गॅरेजात आणखी तिघं-चौघं उभे होते. मी बोलले नाही. परतीच्या वाटेवर तुम्ही विचारलंत, "काय म्हनत व्हतीस मगाशी? तोंड उघडून मिटलंस."

मी म्हणाले, "भाऊ, आम्हाला प्रॅक्टिकलला सांगतात, ज्या परिस्थितीत गोष्ट घडते तीच परिस्थिती ठेवून मोजायचं. आवाज भरल्या गाडीत येतो. चढावर येतो. रेस दिल्यावर येतो. आणि मिस्त्री बघतात रिकामी गाडी, सपाटीवर."

तुम्ही पुढचं वळण घेतलंत. मग म्हणालात, "खरं हाय. पन भरली गाडी मंजी मानसं. मानसं बसवून ट्रायल घेत न्हाईत. काय तुटलं बिटलं तर?"

"रोज तर माणसं बसवूनच चालवतो ना आपण."

हे मी बोलले आणि लगेच वाटलं, बोलायला नको होतं. तुमचा चेहरा बदलला. रागावलात असं नाही. एखाद्याला घरातला साप दाखवावा आणि त्यानं तो कधीचाच बघितलेला असावा, तसं काहीतरी होतं. थोड्या वेळानं तुम्ही हळूच विचारलंत, "घरी बोललीस का? अन्नाला?"

"नाही."

"का गं?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले. तुम्हाला कळलं. तुम्ही "बरं" एवढंच म्हणालात. आपलं हे एक गुपित झालं तेव्हापासून, आणि ते चांगलं गुपित नव्हतं. तुम्ही मला "सांगू नको" असं म्हटलं नाहीत, आणि मी "सांगत नाही" असंही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी पुढच्या सीटवर येऊन बसले.

मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करायची कल्पना माझी. त्या दिवशी तुम्ही पायथ्याला म्हणालात, "आज उतरू नका कुनी. पोरीला आवाज धरायचाय." शेवंतामावशी म्हणाल्या, "फोटू काढ माजा बी." मी मोबाईल पायाशी पत्र्यावर ठेवला. आवाज चार वेळा आला. तो मिस्त्रींना ऐकवला तेव्हा त्यांनी कानाला मोबाईल लावून दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "ह्यात सगळाच खडखडाट हाय. कुटला धरायचा?" पण या वेळी ते हसले नाहीत. "भार घालून बघाया पायजे," ते म्हणाले, जसं काही ते त्यांनाच सुचलं होतं. मला बरं वाटलं. मूर्खासारखं बरं वाटलं.

पोत्यांचंही मीच सुचवलं. भाताची झोडणी उरकली होती, तुमच्या खळ्यावर पोती रचलेली होती. आपल्या जीपवाल्यांत एक पोतं म्हणजे एक माणूस, असाच हिशेब असतो. पोत्यालाही एक सीट धरतात. मी म्हणाले, "मागं बारा पोती घालू. बारा माणसं झाली. पुढं मी. चालवायला तुम्ही. म्हणजे रोजच्याइतकाच भार होतो, आणि मी वाकून आवाज कुठून येतो ते ऐकते. मिस्त्री माथ्यावर उभे राहतील."

तुम्ही डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातलीत. "बारा पोती, तेरावी तू," तुम्ही म्हणालात. "आनि चौदावा मी. बेस हिशेब हाय. पुस्तकात हाय का ह्यो?"

"नाही. माझाच आहे."

"मंग चुकायचा न्हाई."

रविवार ठरला. मला कॉलेज नाही, रस्त्याला पर्यटकांच्या गाड्या वाढायच्या आत, सकाळी सकाळी. शनिवारी सकाळी तुम्ही मला लोणावळ्याला सोडलंत आणि म्हणालात, "आज मी लवकर फिरतोय. खळ्यावर काम हाय. तू सांजच्याला दुसऱ्या जीपनं ये." तुम्ही असं कधी म्हणत नव्हतात. मी दार लावता लावता विचारलं, "उद्याचं नक्की ना?"

"व्हय व्हय. उद्या."

तुम्ही आरसा नीट करत होतात. आरसा नीटच होता.

पुढचं मी बघितलेलं नाही. मी प्रयोगशाळेत होते. त्या वेळी नेमकी काय करत होते तेही मला आठवतं, पण ते लिहायचं नाही. जे कळलं ते खिंडीतल्या चहाच्या टपरीवरच्या बाईंकडून. त्या म्हणाल्या, दुपारची वेळ होती, रस्त्यावर कुणी नव्हतं. जीप चढत होती, पोती भरलेली, तुम्ही एकटे, खिडकीतून डोकं बाहेर काढून खाली ऐकत. त्यांनी हात केला, तुम्ही बघितलं नाहीत. दुसऱ्या वळणाला मोठा आवाज झाला. त्यांना वाटलं टायर फुटला. मग लोखंड फरफटल्यासारखा आवाज, आणि जीप मागं यायला लागली.

शाफ्ट मधून तुटला होता. त्याचा इंजिनाकडचा तुकडा फिरतच राहिला आणि त्यानं ब्रेकची नळी तोडली. गाडीला ओढणारंही काही उरलं नाही, थांबवणारंही. टपरीवाल्या बाई म्हणतात, दरीच्या बाजूला मोकळं होतं, पण तुम्ही चाक डोंगराकडे वळवलंत. बांधावर मागचं चाक चढलं आणि जीप तुमच्या अंगावर कलंडली.

त्यांना पळत तुमच्यापर्यंत जायला किती वेळ लागला हे त्या तीन वेळा सांगतात आणि तिन्ही वेळा वेगळं सांगतात. मी त्यांना पुन्हा विचारणार नाही.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे आपल्या रविवारी, गावातले लोक पोती उचलायला गेले. बरीच फुटली होती. उतारावर भात सांडलं होतं आणि त्यावर पाखरं जमली होती. अण्णाही गेले होते. परत आल्यावर ते न्हाणीत बराच वेळ हातपाय धूत राहिले. मग मला म्हणाले, "पुढच्या सीटवर बी पोतं व्हतं. सुतळीनं दोनदा आवळून बांदल्यालं. त्यालाच कायबी झालं न्हाई. सुतळी कापावी लागली."

तेव्हापासून मी ते पोतंच बघते आहे, भाऊ. मागं बारा आणि पुढं तेरावं. गडबडीत टाकलेलं नाही, सुतळीनं दोनदा आवळून बांधलेलं. म्हणजे तुम्ही शनिवारी खळ्यावर उभं राहून पोती मोजलीत, बारा मोजून थांबला नाहीत, आणि माझ्या जागेवर माझ्या वजनाचं पोतं ठेवलंत. "ती जागा धरलीया."

तुमच्याशी माझं भांडण याच्यावरच आहे. आवाज तुम्हाला एकट्याला ऐकू येणार नव्हता, हे तुम्हाला माहीत होतं. हात चाकावर, नजर रस्त्यावर, कान पुढं आणि आवाज मागं. म्हणूनच तर मी हवी होते. मग कशासाठी गेलात? तुम्हाला वाटत होतं का की काही होणार नाही, उगाच पोरीची रविवारची झोप मोडायला नको? की तुम्हाला कळलं होतं? कळलं होतं तर गेलातच का, गाडी तशीच उभी का केली नाहीत, दोन महिने? हा शेवटचा प्रश्न मी विचारते आणि तिथंच अडकते. गाडी दोन महिने उभी राहिली असती तर कुणाचं काय थांबलं असतं, ते मला पाठ आहे. अण्णांचं वाक्य तुम्हीही ऐकलं होतंत. त्याच ओट्यावर, त्याच दिवशी.

आणि भार घालून बघा, असं मी म्हटलं नसतं तर? तर कदाचित आणखी एक आठवडा तुम्ही तशीच गाडी चालवली असती, आणि एका सकाळी आम्ही कुणी पायथ्याला उतरलो नसतो. मी हे दोन्ही बाजूंनी मांडून बघते. उत्तर एका बाजूला येत नाही. एका बाजूला तेरा जण आहेत, त्यात मीही आहे. दुसऱ्या बाजूला तुम्ही आहात. असं तोलायचं नसतं, हे मला समजतं. तरी तोललं जातं.

शंकरमिस्त्रींकडे मी पाचव्या दिवशी गेले. त्यांनी गॅरेज उघडलं होतं, पण काम करत नव्हते. शाफ्टचे दोन्ही तुकडे त्यांनी फडक्यावर ठेवले होते. मला म्हणाले, "ये. तू बगाया पायजेस." तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग तांबडा गंजलेला होता आणि अर्धा नव्या भांड्यासारखा चकचकीत. मी विचारलं, असं का? ते म्हणाले, "तांबडं हाय तितं आदीच चिरलं व्हतं. कवाचं. चकचकीत हाय तेवड्यावर गाडी चालत व्हती. त्या दिवशी तेवडं बी तुटलं."

चकचकीत भाग माझ्या अंगठ्याच्या दोन पेरांएवढा होता. मी अंगठा ठेवून बघितला. तेवढ्यावर आम्ही चौदा माणसं रोज बसत होतो आणि सोयरिकींच्या गप्पा मारत होतो.

"दगडावर आपटून शाफ्ट चिरलाता, तवा वेल्डिंग मीच केलं व्हतं," मिस्त्री म्हणाले. "तितंच चीर पडली. ग्रीसनं नि चिखलानं झाकली व्हती. मी हलवून बघितला, पुसून न्हाई बघितला. रिकाम्या गाडीत त्याला पीळच बसत न्हाई गं. चीर मिटून जाती. भरली गाडी वर वडाया लागली की पिळतो, तवा उगडती. तवाच वाजती." मग फडकं तुकड्यांवर ओढून घेत म्हणाले, "तू बोललीवतीस त्या दिवशी. भाऊंनी सांगितलं मला. मोठ्यानं बोलायचं व्हतंस."

ते मला दोष देत नव्हते. त्यांना तो कुणाला तरी वाटून द्यायचा होता, आणि मी समोर होते. मी घेतला.

काल अण्णांना सगळं सांगितलं. सकाळी ते ओट्यावर बसून दाभणानं पोत्याचं तोंड शिवत होते. मी म्हणाले, "अण्णा, तो आवाज मला दसऱ्यापासून ऐकू येत होता. मी घरी बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही मला पाठवलं नसतंत म्हणून." मला वाटलं होतं ते रागावतील. मला ते हवं होतं, खरं सांगते.

अण्णांचं दाभण थांबलं. "मलाबी आलता," ते म्हणाले.

"काय?"

"आवाज. दिवाळीच्या आदी लोनावळ्याला गेलतो ना त्याच्या गाडीतनं. खिंडीत दोनदा वाजलं."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी टाका ओढला, गाठ मारली, सुतळी दातानं तोडली. "बोललो आस्तो तर तुला घरी बसवाया लागलं आस्तं," ते म्हणाले आणि पुढचं पोतं जवळ ओढलं.

मी तिथंच उभी राहिले. भाऊ, त्या गाडीत बहिरं कुणीच नव्हतं. शेवंतामावशींचा बंगला होता, कुणाची कारखान्यातली पाळी होती, कुणाचं दूध होतं, माझं कॉलेज होतं, आणि अण्णांचीही मी होते. प्रत्येकाला ऐकू आलं आणि प्रत्येकानं त्यावर आपलं काहीतरी ठेवून दिलं. तुम्ही एकट्यानं ते सगळं उचललंत, आणि आमच्या जागी पोती ठेवलीत.

या सोमवारी मी पुन्हा कॉलेजला गेले. अण्णा स्वतः नाक्यापर्यंत आले आणि एका दुसऱ्या जीपमध्ये बसवून दिलं. ड्रायव्हर तरुण आहे, मी त्याला नीट ओळखत नाही. पुढची सीट रिकामी होती. मी मागं बसले. पायथ्याला माणसं सवयीनं उतरायला लागली तर तो म्हणाला, "बसा की, नवी गाडी हाय." खिंडीच्या दुसऱ्या वळणाला रस्त्याच्या कडेला अजून भाताचे दाणे दिसतात, मातीत दबलेले. तिथंच मला मागून, सीटखालून, काहीतरी वाजल्यासारखं वाटलं.

मी म्हणाले, "गाडी थांबवा."

माझा आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. सगळे वळून बघायला लागले. ड्रायव्हरनं थांबवली, चाकाला दगड लावला, वाकून खाली बघितलं, मग मागची सीट उचलली. जॅक सैल होऊन पत्र्यावर आदळत होता. "ह्यो बघा तुमचा आवाज," तो म्हणाला. कुणीतरी हसलं. शेवंतामावशी माझ्याशेजारी होत्या. त्या हसल्या नाहीत. "हसू नगा," त्या म्हणाल्या. "आन् तू बोलत जा गं. जॅक आसंल न्हाईतर मसन आसंल, बोलत जा." त्यांनी माझा हात धरला तो लोणावळा येईपर्यंत सोडला नाही.

काकूंना चार ओळी अजून दिलेल्या नाहीत. उद्या देईन. त्यात पोत्याचं लिहू की नाही, त्यांना विचारून ठरवीन. ते पोतं त्यांनी वेगळं ठेवलं आहे, खळ्यावर नाही, घरात, भिंतीतल्या देवळीच्या खाली.

मोबाईलमधलं रेकॉर्डिंग मी पुसलेलं नाही. अकरा दिवस ऐकलंही नव्हतं. आज हे लिहायला बसण्याआधी एकदा ऐकलं. सुरुवातीला मावशींचा फोटूचा विनोद आहे, कुणीतरी खोकतंय. मग तुमचा आवाज अगदी जवळून येतो, "आता बघ. आता वळन. आता भार आला." मग 'टक्'. पुन्हा 'टक्'. चार झाल्यावर तुम्ही विचारता, हळूच, मागच्यांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू, "ऐकलंस न्हवं?"

त्यानंतर नुसता गाडीचा आवाज आहे, आणि संपतं. माझं उत्तर त्यात नाही. मी तेव्हा मान हलवली होती. तुम्ही रस्त्याकडे बघत होतात. तुम्हाला ती दिसली होती का, भाऊ?